उंद्रीच्या दावणीवरची आरमारी गाठ

बुलढाणा जिल्ह्यात जायला निघाले तेव्हा आमच्या बंदरावरच्या बायकांनी विचारलं, "तिकडे काय गं पाहण्यासारखं?" लोणारचं सरोवर सोडून मला एक नाव सांगता येईना, आणि मी तर लोणारलाही जाणार नव्हते. मी चालले होते एका बैलाच्या गळ्यातली गाठ बघायला. खरं सांगितलं असतं तर निवृत्तीनंतर कुंदाच्या डोक्यावर परिणाम झाला असं सगळ्या जेटीवर झालं असतं. म्हणून "ओळखीचे आहेत" एवढंच म्हणाले आणि कोकमाच्या आगळाची बाटली कपड्यांच्या पिशवीत कोंबली.

ओळखीचे म्हणजे दिनकर सर. आमच्या गावच्या वाचनालयात मी जन्मभर नोकरी केली, आणि सर दर हिवाळ्यात तिथं यायचे. माणूस अस्सल वऱ्हाडी. तरुणपणी नेव्हीत गेले, खलाशी म्हणून कितीतरी वर्षं काढली, मग परत येऊन चिखलीला इतिहासाचे मास्तर झाले. आपल्या तालुक्यातल्या बारवा, गढ्या, वीरगळ यांच्यावर त्यांनी लिहिलं आणि त्याच लेखणीनं मराठी आरमारावरही लिहिलं. समुद्रापासून इतक्या लांबचा माणूस गलबतांबद्दल एवढं लिहितो म्हणून पुण्यातले विद्वान गालात हसायचे. सर त्यांच्याकडे लक्ष न देता आमच्याकडे यायचे, खाडीकाठच्या सुतारांशी गप्पा मारायचे, आणि संध्याकाळी जेटीच्या टोकाला एकटेच बसायचे.

दोन हिवाळे झाले, ते येणं थांबलं. हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग फोन आला. "कुंदाताई, शेवटचं पुस्तक लिहून झालंय. त्यातलं बैलाच्या दाव्याच्या गाठीचं प्रकरण तुम्ही ती गाठ डोळ्यांनी पाहून हो म्हणालात तरच छापायला देणार. तुमचे वडील तांडेल होते. तुमचं हो मला पुरेसं आहे."

माझे वडील होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचा शब्द त्यांचा. दोराच्या गाठी मी अक्षरांच्या आधी शिकले. पण ही परीक्षा घ्यायला वऱ्हाडात जावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

मलकापूर

मलकापूरला उतरले आणि लोक माझ्याकडे बघून बाजूला सरकायला लागले. मला वाटलं, इकडे बायकांना फार मान देतात. तेवढ्यात सरांचा पुतण्या संजय मला शोधत आला. पन्नाशीचा, दणकट, डोक्याला रुमाल. त्यानं माझी पिशवी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं हो ताई? रगत कायचं?"

आगळाची बाटली फुटली होती. पिशवीतून लालभडक थेंब गळत होते आणि माझ्या पांढऱ्या साडीची एक बाजू खाटकाच्या फडक्यासारखी झाली होती. कोकम म्हणजे काय हे मी त्याला नळावर साडी धूत समजावलं. तो ऐकून घेत म्हणाला, "असंन बा. पन आईले दाखवू नका, थे घाबरंन."

स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि हवेत कापसाची तूस उडत होती. चहाच्या टपरीवर संजयनं मला बाकड्याचा कोपरा रुमालानं पुसून दिला, "अठी बसा, ताई," म्हणत. चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग गूळ. इथं गूळ चहातच घालून ठेवलाय असं मी म्हटलं तेव्हा टपरीवाला खूश झाला आणि त्यानं अर्धा कप आणखी ओतला.

घाट चढताना

मोताळ्यापुढे रस्ता घाट चढतो. वर आलो तर दोन्हीकडे काळी जमीन, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं फुटलेली, तूर पिवळी पडलेली. आमच्याकडे शेत म्हणजे घराएवढा तुकडा, चारी बाजूंनी दगडांचा गडगा. इथं नजर जाते तिथपर्यंत अडायला काही नाही. मला ते मोकळेपण आवडलं, आणि थोडी भीतीही वाटली.

जीप चालवता चालवता संजय काकांबद्दल बोलत होता.

"काका आमचे लय हुशार, पन मन अठी नाई त्याइचं. भितीवर तुमच्या गावची भरती-ओहोटी लिहून ठेवतात. रोज सांगतात, आता पानी चढून राह्यलं, आता उतरून राह्यलं. माया विहिरीत पानी किती हे नाई इचारत."

"तुला राग येतो?"

"राग कायचा? बाबा गेल्यावर चिखलीचं घर सोडून काका आमच्यापाशी राह्याले आले. आईले बरं वाटते. पन गरीब वाटतात मले. जे पाह्यजे थे अठी नाईच ना."

माझ्या वडिलांची होडी आम्ही विकली, भाऊ शहरात गेला, आता आमच्या घरातलं कुणी दर्यावर जात नाही. मी जेटीपासून हाकेच्या अंतरावर राहते आणि तरी मला कधीकधी तसंच वाटतं.

उंद्री

उंद्री चांगलं मोठं गाव आहे. संजयचं घर स्लॅबचं, पुढे अंगण, मागे गोठा. सर दारात उभे होते. वाळले होते फार. मी काही बोलायच्या आत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आज पंचमी. म्हणजे तुमच्याकडे मघाशीच भरती भरली. आता ओहोटी लागलीय. बरोबर ना?"

तिथीवरून भरतीची वेळ काढायची ही आमच्या कोळ्यांची रीत त्यांना मीच कधीतरी शिकवली होती. "बरोबर," मी म्हटलं, आणि मला भरून आलं.

त्यांच्या खोलीत कागद, नकाशे आणि मधोमध टेबलावर एक गलबत. हातभर लांबीचं, शिडासकट, तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काटक्या, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्या, तासून केलेलं. "इथं दुसरं लाकूड कुठं मिळणार?" ते म्हणाले. संजयची आई, म्हणजे सरांची थोरली वहिनी, मागून पाणी घेऊन आल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर. "चुलीसाठी ठुलेल्या तुराट्या होत्या थ्या," त्या मला म्हणाल्या. "एक दिवस पाह्यते तं भाऊजीनं जहाज केलं."

चहा होतो न होतो तोच सर मला गोठ्यात घेऊन गेले. दोन बैल होते. संजयनं एकाच्या गळ्यात दावं घालून दाखवलं. झरझर एक वेढा, खालून वर, मागून फिरवून परत खाली. मी वाकून पाहिलं. कितीही ओढली तरी फास न बसणारी, आणि सोडायची म्हटली की एका बोटानं सुटणारी गाठ. माझे वडील होडी खांबाला बांधायचे ती हीच.

"हीच," मी म्हटलं. "आमचीच गाठ."

सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी गोठ्यातच माझा हात धरला.

"आता शेपूट बघा."

दोराचं उरलेलं टोक संजयनं मोकळं सोडलं नव्हतं. ते वळवून पुन्हा गाठीच्या पोटात खोचलं होतं. असं मी आमच्याकडे कुणालाच करताना पाहिलं नव्हतं.

"तेच!" सर म्हणाले. "पंचक्रोशीत फिरलो, म्हाताऱ्या माणसांना विचारलं, त्यांचे बैल बघितले. अशी गाठ फक्त आमच्या घरात. आमचे कुणी खापरपणजोबा कोकणात चाकरीला गेले होते अशी घरात बोलवा आहे. कुंदाताई, ते आरमारात होते. ही गाठ त्यांनी आणली. शेपूट खोचायची जुनी पद्धत किनाऱ्यावर बुडाली आणि इथं, या काळ्या मातीत, टिकली."

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी मला ते प्रकरण वाचून दाखवलं. वर्षानुवर्षं ज्या माणसाला समुद्र आणि आपलं गाव यांच्यातला एक धागा हवा होता, त्याला तो घरच्या दावणीवर सापडला होता. सुंदर लिहिलं होतं. एका ठिकाणी तर म्हटलं होतं की ही गाठ घराण्याच्या हातात इतकी मुरली आहे की खुद्द लेखकाचाही हात नकळत तशीच बांधतो.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद गोळा केले, फडक्यात ठेवले, वरून सुतळी आवळली. बोलता बोलता, न बघता. वेढा, खालून वर, मागून फिरवून खाली, आणि शेपूट वळवून पोटात.

मी ते पाहिलं. लेखकाचा हात नेव्हीत तयार झाला होता, गोठ्यात नव्हे. मग कोण कुणाकडून शिकलं?

"सोमवारी छापखान्यात देतो," सर म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात, आता काळजी नाही."

रोडगे

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी रोडग्यांचा बेत होता. अंगणात गोवऱ्यांचा जाळ करून त्यात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. आमच्याकडे पाहुणा आला की नारळ फुटतो, इथं रोडगा फुटतो. सर आत झोपले होते, संजय शेतावर. मी वहिनींच्या शेजारी बसले आणि गोळे वळायला घेतले. माझा पहिला गोळा बघून त्या म्हणाल्या, "बाई, हा मोदक होय का?"

जाळ निवल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, तुमच्या बैलांची ती गाठ कुणी शिकवली हो?"

"कोनती? दाव्याची? थे तं भाऊजीचीच होय."

माझ्या हातातला गोळा तसाच राहिला.

"मी नवीनच आली होती या घरात," वहिनी निखारे सारत सांगायला लागल्या. "भाऊजी नेव्हीतून पह्यल्या सुट्टीवर आले. एवढुसे होते, मिसरूड बी नाई. तवा आमच्या एका बैलाच्या गळ्याले दावं आवळून आवळून जखम झाली होती. भाऊजीनं पाह्यलं अन् संजूच्या बाबाले म्हने, दादा, हे असं बांध, कितीबी वढू दे, आवळत नाई. दोघं भाऊ दुपारभर गोठ्यात बसले होते दावं घेऊन. जेवाले बलावलं तं येत नाई."

"मग?"

"मंग काय, भाऊजी गेले. दोन-दोन वर्स पत्र नाई. संजूचे बाबा रोज दिवस बुडता बैल बांधत, अन् गाठ झाली का म्हनत, 'आपला दिनू कुठी असंन आता?' रोज. मी हासत होती त्याइले, बैलाले काय इचारता म्हनून."

मला एकदम आमचं घर आठवलं. वडील दर्यावर असले की माझी आई दिवेलागणीला त्यांचं नावसुद्धा घ्यायची नाही. कुठं असतील, कधी येतील, असं तोंडातून काढायचं नाही. अपशकुन होतो म्हणायची. आम्ही मुलं तो प्रश्न गिळून जेवायला बसायचो. आणि इथं, समुद्र कधीही न पाहिलेला एक शेतकरी तोच प्रश्न रोज मोठ्यानं विचारत होता.

"सर परत आल्यावर थांबलं असेल ते," मी म्हटलं.

"नाई. भाऊजी चिखलीले राह्यले, नोकरीपाई. सणावाराले येत, दुपारी जेवत अन् वापस जात. दिवस बुडता गोठ्यात कायले येतीन? हे म्हनतच राह्यले. जायच्या आदल्या दिवसापर्यंत म्हनले."

"तुम्ही हे सरांना कधी सांगितलं नाहीत?"

वहिनींनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मले कोनं इचारलं?"

पाच गावच्या म्हाताऱ्यांना विचारून आलेला इतिहासकार, आणि त्याच्या घरात रोज भाकरी थापणाऱ्या बाईला विचारायचं राहून गेलं. मला हसूही आलं आणि रडूही. मी त्यांना सगळं सांगितलं: ते प्रकरण, तो खापरपणजोबा, सोमवारचा छापखाना. त्यांनी पदरानं डोळे पुसले, ते धुरानं की कशानं कोण जाणे.

"मंग आता?" त्या म्हणाल्या. "नका सांगू बाई. इतके खुश हायेत."

मलाही तेच वाटलं. कुणाचं काय बिघडणार होतं? पुस्तक वाचणारे पन्नास लोक, त्यातला एकही उंद्रीच्या गोठ्यात येणार नव्हता. पण सरांनी मला एवढ्या लांब बोलावलं ते माझ्यावर विश्वास ठेवून. आणि दुसरं असं की, जे खरं होतं ते त्यांच्या प्रकरणाहून मोठं होतं, आणि ते त्यांना कळलंच नव्हतं.

"सांगायला हवं, वहिनी," मी म्हटलं. "पण माझ्या तोंडून नको. तुमच्या."

जेवणं झाली. सरांनी एक रोडगा फोडला, अर्धा खाल्ला, "आता भरती चढत असेल तुमच्याकडे," म्हणाले. वहिनी भाजीचं भांडं खाली ठेवून त्यांच्यासमोर बसल्या आणि मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत सगळं सांगितलं. फक्त भावाचा तो रोजचा प्रश्न तेवढा राहिला. तिथं आल्यावर त्यांनी भाजीचं भांडं उचलून बाजूला सारलं.

सर आधी इतिहासकारासारखे वागले. "एकाच व्यक्तीची आठवण आहे. इतक्या वर्षांनंतरची. तोंडी पुरावा असा घेता येत नाही, वहिनी."

"नका घेऊ," वहिनी म्हणाल्या.

सरांनी काल फडक्यात बांधलेले कागद मी आणून त्यांच्यापुढे ठेवले. ते गाठीकडे बघत राहिले. मग गाठ सोडली, डोळे मिटले आणि पुन्हा बांधली. वेढा, वर, मागून, खाली. शेपूट खोचताना त्यांचा हात थांबला.

"आमचे उस्ताद होते," ते हळू म्हणाले. "केरळचे. ट्रेनिंगला. टोक मोकळं सोडलं की बोटांवर पट्टी मारायचे. बाकी कुठल्या तुकडीत असं शिकवत नव्हते, फक्त आमच्या. त्यांची खोड होती ती." आणि मग, "मी विसरूनच गेलो होतो."

संजय नुकताच शेतावरून आला होता, तो दारातच उभा राहिला. सरांनी फडकं उलगडलं, ते प्रकरण वेगळं काढलं आणि बाकीचे कागद पुन्हा बांधून ठेवले. "हे जाणार नाही," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडावरचं कालचं तेज पार गेलं होतं, आणि ते मी घालवलं होतं. मला फार वाईट वाटलं. परत निघून जावंसं वाटलं.

"एवढी वर्षं शोधलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "समुद्र कधी या घरात आला होता का, हे शोधलं. तर सापडलं कोण, मीच. चुकीचा निघाला की हो तुमचा इतिहासकार."

तेव्हा वहिनी पुढे सरकल्या.

"भाऊजी, एक राह्यलं सांगायचं." आणि त्यांनी तो राहिलेला प्रश्न सांगितला. रोजचा. दिवस बुडतानाचा. चिखली इतक्या जवळ असूनही न थांबलेला.

सर त्यांच्याकडे वळले. "दादा असं म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"रोज?"

"रोज, भाऊजी."

गोठा

त्या दिवशी संध्याकाळी ते आपल्या खोलीत गेले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसले. सकाळी माझी गाडी होती म्हणून मी पिशवी आवरत होते. आगळाचे डाग काही निघाले नव्हते. मी मनातल्या मनात तिथीवरून हिशेब केला आणि बाहेर जाऊन म्हटलं, "सर, आता ओहोटी लागली असेल." आदल्या दिवशी हे वाक्य त्यांचं होतं. त्यांनी मान हलवली, पण घड्याळाकडे पाहिलं नाही.

सूर्य पऱ्हाटीच्या शेतांवर टेकला होता. संजय बैल घेऊन आला आणि दावं उचलायला वाकला, तसे सर उठले.

"संजू, आन इकडे."

इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्यापुढे वऱ्हाडी बोलताना ऐकलं नव्हतं. संजयनं दावं त्यांच्या हातात दिलं. ते चालत गोठ्यात गेले, भिंतीला हात धरत. वहिनी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. सरांनी पहिल्या बैलाच्या मानेवर हात फिरवला, दावं घातलं, वेढा घेतला. हातांना काही शिकवावं लागलं नाही. टोक वळवून त्यांनी नीट आत खोचलं. मग दुसरा बैल बांधला.

बैल कडबा चघळत होते. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट.

सरांनी गाठीवर तळवा ठेवला आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "अठीच आहो, दादा."